कॅज्युअल्टीत दारू पिऊन येणाऱ्या पेशंटशी दारूबद्दल बोलायचं कधी आणि कसं?

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार. मी हायवेलगतच्या एका उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीला १६ वर्षं झाली, त्यातली ९ कॅज्युअल्टीत. इथे डॉक्टर वाचतात, दारू सोडलेली माणसं वाचतात, त्यांच्या घरचेही वाचतात, म्हणून इथेच विचारते. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदोनला छोटा हत्तीमधून एक पेशंट आणला. फिट चालू होती. शेजाऱ्यांनी दातांत चमचा घातला होता, त्याने खालचा ओठ फाटलेला. नाकाशी कांदा धरून मेहुणा बाजूने धावत होता. लोराझेपाम दिलं, फिट थांबली, शुगर बघितली, ती ठीक होती. मग तोंडावरचं रक्त पुसताना डाव्या भुवईवरचा वण दिसला आणि मी त्याला ओळखलं. ते टाके घातले तेव्हा दिवा मीच धरला होता.

सकाळी ड्यूटी संपल्यावर रेकॉर्डमधून त्याचे जुने केसपेपर काढले. वय ३४, सेंट्रिंगचं काम. पाच महिन्यांत ही तिसरी खेप. पहिल्या कागदावर: तोंडाला दारूचा वास अधिक एक (म्हणजे थोडा), जखम धुतली, ५ टाके, टीटी, सातव्या दिवशी ओपीडी. दुसऱ्यावर: गाडीवरून पडला, वास अधिक दोन, मनगट फ्रॅक्चर, कच्चं प्लॅस्टर, सिव्हिलला पाठवलं. एवढंच. रोज घेतो का, किती घेतो, कधीपासून घेतो, यातलं एक अक्षर कुठे नाही. दोन्ही वेळा ड्यूटी माझी होती.

पहाटे शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "सिस्टर, मी तर सोडली होती ओ. श्रावण धरला होता. पोरीला शब्द दिला होता."

गटारीला शेवटची घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की फिट येऊ शकते हे मला माहीत आहे, ट्रेनिंगमध्येच शिकवतात. पण ते मला माहीत असून त्याला काय उपयोग झाला? पहिल्या खेपेला मी त्याला बोलले होते, तेही खरं सांगते. म्हणाले होते, "बायकापोरांचा तरी विचार करा जरा." त्याने मान हलवली. त्याने विचार केला, म्हणूनच तर सोडली. आणि सोडली म्हणून फिट येऊन माझ्याकडे आला. हे मनातून जात नाही.

आमच्याकडची परिस्थितीही सांगते, म्हणजे उत्तरं तशी देता येतील. रात्री एक मेडिकल ऑफिसर, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय). शनिवारी बाजार असतो, त्या रात्री येणाऱ्यांत निम्म्यांच्या तोंडाला वास असतो असा माझा अंदाज. शिव्या रोजच्याच आहेत, एकदा एकाने मनगट असं पिरगळलं की आठवडाभर सलाइनची सुई लावता आली नाही. सोबत सात-आठ नातेवाईक, त्यातले दोघे स्वतः घेतलेले. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस असली की हवालदार रजिस्टर घेऊन उभा. मानसोपचाराची टीम सिव्हिलहून महिन्यातून एकदा येते. आणि खरं सांगायचं तर आमच्या मनातही असतं, की हा आपल्या कर्माने पडला, तिकडे तापाने फणफणलेलं लेकरू बसलंय, त्याला आधी बघू.

याचा परिणाम दारूबद्दल न बोलण्यापुरताच राहत नाही. दोन वर्षांपूर्वी एकाला "पिऊन पडलाय, झोपू दे" म्हणून कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर ठेवलं होतं. चादर बदलायला गेले तेव्हा अंग घामाने थंडगार लागलं. शुगर ३८. डेक्स्ट्रोज दिल्यावर उठून बसला. मी चादर बदलायला गेले नसते तर?

आता प्रश्न. अशा पेशंटशी नेमकं कोणत्या वेळी बोलावं? पिऊन असतो तेव्हा त्याला समजत नाही, आणि उतरली की तो पळायच्या घाईत असतो. बोलावं तर शब्द कोणते वापरावेत, की त्याला अपमान वाटणार नाही आणि मलाही दहा मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत? रोज पिणाऱ्याला "सोडा" म्हणायचं की "एकदम सोडू नका"? दुसरं वाक्य माझ्या तोंडातून निघतच नाही, नातेवाईक काय म्हणतील! आणि पोलिसांच्या, विम्याच्या भीतीने माणूस "दोनच घोट घेतले" म्हणतो, त्याचं काय करायचं?

मनोविकार_ओपीडी

सिस्टर, मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमचा तो पेशंट मला इतका ओळखीचा वाटला की बाकी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

श्रावणाचा पहिला आठवडा, गणपती बसले की पुढचे दोन-तीन दिवस, घटस्थापनेनंतरचे दिवस, माळ घातल्यानंतरचा आठवडा. आमचे वॉर्ड या दिवसांत असे पेशंट बघतात. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाउनने दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हाही हेच झालं. या लोकांना सोडायची इच्छा नसते असं आपण धरून चालतो. तुमच्या पेशंटकडे इच्छा होती, तारीख ठरलेली होती, लेकीला दिलेला शब्द होता. फक्त औषध नव्हतं आणि औषध लागतं हे सांगणारं माणूस नव्हतं.

शरीर कसं वागतं ते घड्याळ लावल्यासारखं लक्षात ठेवा. शेवटचा घोट घेतल्यापासून सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसरा दिवस उलटून चौथ्या दिवसापर्यंत भ्रमाची वेळ, भिंतीवर किडे दिसतात, माणूस सलाइन उपटून पळतो. म्हणूनच मांडीचं हाड मोडून ऑर्थोत भरती झालेला साधासुधा पेशंट तिसऱ्या रात्री "वायलंट" होतो आणि त्याचे हातपाय बांधले जातात. त्याला कॅज्युअल्टीतच "रोज घेता का" विचारलं असतं आणि पहिल्या दिवसापासून गोळ्या चालू केल्या असत्या तर बांधायची वेळ बहुतेक आली नसती. हा भ्रम उपचाराविना जीवही घेतो.

आता तुमचा वेळेचा प्रश्न. पिऊन असताना बोलू नका. तेव्हा फक्त शरीर बघा: शुगर, डोक्याला मार, शुद्ध तासातासाला सुधारतेय की नाही. सुधारत नसेल तर "उतरेल" म्हणून थांबायचं नाही, डॉक्टरांना पुन्हा बोलवायचं, सीटीसाठी पाठवायचं. शुगर कमी असेल तर ग्लुकोज ताबडतोब, आणि रोज पिणाऱ्याला सोबत थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन आठवणीने मागून घ्यायचं. बोलायची वेळ म्हणजे सकाळी, ड्रेसिंग बदलताना. जखम दुखत असते, डोकं ताळ्यावर असतं, नातेवाईक चहाला गेलेले असतात. चप्पल शोधायला लागला की वेळ गेली.

शब्द म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, तिच्यातले पहिले तीन कॅज्युअल्टीला पुरतात. किती दिवसांनी घेता? घेता त्या दिवशी किती होते? एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग असं किती वेळा होतं? पेग म्हणजे ३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम, त्यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे सहा पेग. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे जवळपास चार. पेशंट "एक क्वार्टरच हो" म्हणतो तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने आपणहून दिलेलं असतं. त्यापुढे माझा एक प्रश्न जोडा: सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि थोडी घेतली की थांबतात का?

शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्याला, आणि पूर्वी कधी सोडल्यावर फिट आली होती त्याला, ते वाक्य म्हणावंच लागेल. मी असं म्हणतो: "तुम्हाला सोडायची आहे ना, मग चांगलीच सोडवू. पण घरी एकट्याने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. चार-पाच दिवस औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवू." नातेवाईकांसमोर म्हणा. फिटचं कारण सांगितलं की कोणी रागावत नाही, उलट "आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं" म्हणतात.

पण कॅज्युअल्टीत येणारे सगळे असे नसतात. शनिवारी पितात, पडतात, टाके पडतात, सोमवारी कामाला जातात, हात थरथरत नाहीत, असेही बरेच. त्यांना दाखल करायची गरज नसते. पाच मिनिटं पुरतात: हा मार कशामुळे लागला असं तुम्हाला वाटतं? पुढच्या बाजाराला काय वेगळं करता येईल? त्यानेच सांगू द्यावं. "गाडी घरी ठेवीन" म्हणाला तरी ते घ्यावं.

एवढ्याने काय होतं असं वाटेल, म्हणून सांगतो. गोव्यात संगथ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून बघितलं. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, एका माणसाशी एक ते चार भेटी. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीच्या खाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. ते ओपीडीतले पेशंट होते आणि पूर्ण आहारी गेलेले त्यात नव्हते, तेव्हा जसंच्या तसं तुमच्याकडे लागू नाही. तरी शंभरात दहा माणसं जास्तीची, तीही बोलण्याने!

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं होतं की देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना दारूच्या त्रासासाठी मदत हवी आहे, आणि व्यसनात पूर्ण अडकलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसली तरी मदत मिळते. उरलेले ३७ माझ्या ओपीडीत कधी येत नाहीत. ते तुमच्या ट्रॉलीवर येतात.

एमएलसीचं: जे दिसलं ते लिहावंच लागतं, त्यात लपवाछपवी करू नका, पेशंटलाही तसं आश्वासन देऊ नका. पण हे सकाळचं बोलणं उपचाराचं आहे, पोलिसी जबाबाचं नाही. हवालदार गेल्यावर बोला आणि तसं स्पष्ट सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापरातून होणारे मानसिक त्रास आजारातच मोजले आहेत, आणि त्या माहितीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

आजचा_दिवस

मी डॉक्टर नाही. लेथवर काम करायचो, अजून करतो. दारू बंद होऊन ११ वर्षं झाली. माझी सुरुवात कॅज्युअल्टीतच झाली म्हणून लिहितो.

उजव्या हाताची करंगळी लेथमध्ये गेली होती. सकाळी साडेनऊची गोष्ट, आणि साडेनऊला माझ्या पोटात नव्वद होती. ती घेतल्याशिवाय हात स्थिर राहायचा नाही, आणि हात स्थिर नसला तर जॉब बिघडायचा. म्हणजे काम नीट व्हावं म्हणून मी प्यायचो, असं मी स्वतःला सांगत होतो. कॅज्युअल्टीत ड्रेसर मोठ्याने म्हणाला, "बेवडा आहे, भूल कमीच लागेल." बायको शेजारी होती. मी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो.

ऑपरेशनच्या संमतीचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी आयटीआय केलेला माणूस, सही येते. पण रात्रभर न घेतल्याने डावा हातही असा हलत होता की पेन टेकेना. मी सिस्टरना म्हणालो, अंगठा घ्या. तिथे एक इंटर्न होता, मिशी पण नीट फुटली नव्हती त्याला. त्याने केसपेपर बघितला, शिक्षण बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. आणि स्टूल ओढून बसला. उभा राहून नाही, बसला. हळू विचारलं, "काका, रोजची पहिली किती वाजता घेता?"

घेता का, नाही. किती घेता, नाही. पहिली किती वाजता. याला कळलंय, आता लपवून काय करायचं, असं वाटलं. म्हणालो, "साडेपाचला. दूधवाल्याच्या आधी." हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "म्हणून हात हलतोय. ही भीती नाही तुमची, हा आजार आहे, याला गोळी आहे." दोन तासांनी गोळीने हात थांबला. सही मी केली.

त्याच पोराने अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्या माणसांच्या, स्थानिक ग्रुपला फोन लावला. संध्याकाळी दोन माणसं वॉर्डात आली. एक रिक्षावाला, एक शाळेतला क्लार्क. उपदेश काही नाही. रिक्षावाल्याने स्वतःची कहाणी सांगितली, दहा मिनिटं, आणि केसपेपरच्या मागे लिहून दिलं: रविवार, सकाळी १०, अमुक शाळा, खोली नंबर ४, मी दारात उभा असेन. तो खरंच उभा होता. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, बायको तिकडे जायला लागली.

पहिल्या वर्षात दोनदा घसरलो, तेही लिहितो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल एका दिवसात झालं. पुढे पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेतले. १९८६ पासून ते काम चालू आहे, तिथली पद्धत बाकी ठिकाणांपेक्षा माणसाला माणूस म्हणून धरणारी आहे हा माझा अनुभव.

सिस्टर, तुमच्या गावात किंवा तालुक्याला आमचा ग्रुप असेल तर त्यांचा नंबर कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. दवाखान्यात जाऊन पेशंटला भेटणं हे आमचं कामच आहे, आमची स्वतःची दारू त्यानेच लांब राहते. रात्री दोनला फोन केला तरी उचलतील. आणि चारचौघांत "बेवडा" हा शब्द तेवढा बंद करा, बाकीचं पुढचं सोपं जाईल.

लेकीची_आई

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझे मिस्टर पितात. अजून पितात, पूर्वीपेक्षा कमी.

चार वर्षांपूर्वी एका जाहिरातीतून मी पावडर आणली होती. "न सांगता दारू सोडवा." वरणात कालवून द्यायची, वास नाही, चव नाही. मी तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी ते बाहेर पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड लालभडक, डोळे तांबडे, छाती धडधडतेय म्हणून ओरडायला लागले, उलट्या थांबेनात. दवाखान्यात नेलं तर बीपी लागत नव्हतं. डॉक्टर विचारत होते काय खाल्लं, काय घेतलं. मी तिथेच उभी होते आणि मी सांगितलं नाही. सासूबाई बाजूला होत्या, दीर होते. नवऱ्याला विष घातलं म्हणतील अशी भीती वाटली. ते वाचले, पण मी न सांगितल्यामुळे गेले असते तर ते माझ्या डोक्यावर राहिलं असतं.

शेवटी एका सिस्टरनेच मला औषधं आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि विचारलं, "ताई, घरात कोणी काही गोळी-पावडर देतंय का? तुम्हाला कोणी काही बोलणार नाही." तेव्हा मी सांगितलं.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की बायकोला वेगळं घेऊन विचारा. सगळ्यांसमोर ती काही बोलणार नाही. पावडरचं विचारा. आणि मारतो का, हेही विचारा. त्यांच्या कपाळाला टाके पडले त्या रात्री माझ्या पाठीवरही वळ होते, पण केसपेपर त्यांच्याच नावाचा होता, माझ्याकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं.

मनोविकार_ओपीडी

ताई, लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. इतरांसाठी सांगून ठेवतो: अशा पावडरींत अनेकदा डायसल्फिरम असतं. औषध चांगलं आहे, मीही देतो, पण पेशंटला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच. ते पोटात असताना दारू गेली की जे होतं ते तुम्ही वर्णन केलंच आहे. हृदयाचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. न सांगता कोणालाही, कधीही देऊ नका. आणि कॅज्युअल्टीतल्या मंडळींनी अशी लाली आणि पडलेलं बीपी दिसलं की हा प्रश्न घरच्यांना एकांतात विचारायलाच हवा.

कृष्णाकाठ_ते_थेम्स

सिस्टर, मी मूळची सांगलीची, बारा वर्षं लंडनमध्ये नर्स आहे, त्यातली सहा इमर्जन्सीत. इथेही शुक्रवार-शनिवारची रात्र तुमच्या बाजाराच्या रात्रीसारखीच असते. शिव्यांची भाषा तेवढी वेगळी.

इथे पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये एक छोटी चाचणी तयार झाली, पॅडिंग्टन अल्कोहोल टेस्ट. तिची खुबी ही की ती सरसकट सगळ्यांना विचारायची नाही. पडणं, डोक्याला मार, मारामारी, फिट, पोटदुखी, छातीत दुखणं, वारंवार येणं अशा ठरावीक तक्रारी घेऊन कोणी आलं की विचारायचं. म्हणजे दारूचा वास हा विचारण्याचा निकष राहत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वासावर गेलं की बायका सुटतात, आणि तुमच्या त्या फिटवाल्यासारखे, ज्यांच्या तोंडाला त्या दिवशी वासच नाही, तेही सुटतात.

तिथल्याच अभ्यासात, २००४ च्या लॅन्सेटमध्ये, असं दिसलं की कॅज्युअल्टीतून दारूच्या समुपदेशकाकडे पाठवलेले लोक सहा महिन्यांनी इतरांपेक्षा कमी पीत होते आणि पुढच्या वर्षभरात कॅज्युअल्टीतही कमी वेळा आले. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली: समुपदेशकाची भेट त्याच दिवशी मिळाली तर पुष्कळ जण जातात, दोन दिवसांनंतरची दिली की येणारे निम्म्याहूनही कमी. महिन्यातून एकदा येणाऱ्या टीमसाठी तुम्ही पेशंट थांबवलात तर तो येणारच नाही असं धरा. त्याच सकाळी कोणाशी तरी गाठ घालून द्या, फोनवर का होईना. मला वाटतं वर लेथवाल्या दादांनी सांगितलेला मार्ग तुमच्याकडे त्यासाठी सगळ्यात जवळचा आहे.

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथवाले दादा, तुमचं लिहिणं मी आमच्या ड्रेसरला आणि मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. मामा काही न बोलता उठून गेले. नंतर कळलं, त्यांचा धाकटा भाऊ.

तीन आठवड्यांत काय केलं ते सांगते. आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमना हा सगळा धागा दाखवला. त्यांनी तीन प्रश्न आणि हात थरथरण्याचा चौथा असं एका कागदावर टाइप करून काचेखाली ठेवलं, शेजारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६. तालुक्याच्या ग्रुपचा नंबर मिळाला, तिथले एक गुरुजी आहेत, दोनदा येऊन गेले. थायमिन स्टॉकमध्ये होतं, पण मागच्या कपाटात, तारीख संपत आलेलं. नवीन मागवलं आणि पुढच्या ट्रेमध्ये ठेवलं.

सकाळी ड्रेसिंगच्या वेळी मी आतापर्यंत नऊ जणांना विचारलं. एकाने शिवी दिली. दोघांनी "कधीतरीच" म्हणून विषय संपवला, मी ओढून धरलं नाही. एकजण ऊसतोडीचा मुकादम, तो रडला, मला अपेक्षा नव्हती. ट्रॉलीशी बसून बोलले की मला सहा-सात मिनिटं लागतात. उभी असते तेव्हा दोन मिनिटांत संपतं, कारण तो बोलतच नाही.

एका बाईला नवऱ्याच्या टाक्यांच्या वेळी बाहेर नेऊन विचारलं. ताई, तुमच्यामुळे. तिचा वेगळा केसपेपर काढला.

सेंट्रिंगवाला पेशंट सिव्हिलला पाच दिवस होता, आता गोळ्या चालू आहेत. मागच्या सोमवारी मनगट दाखवायला आला होता. मी त्याला जुन्या दोन कागदांबद्दल सांगितलं, की आधीच्या दोन खेपांना आम्ही विचारायला पाहिजे होतं आणि विचारलं नाही. त्याला काय बोलावं सुचलं नाही. म्हणाला, "मी तरी कुठं सांगितलं असतं सिस्टर." मग थोडं थांबून, "पण भुवईच्या वेळेला सांगितलं असतं कदाचित. तेव्हा लई घाबरलो होतो."

डॉक्टर, एक अडचण राहिली. तुमचं पेगचं माप इंग्लिशला आणि बिअरला बसतं. आमच्याकडे वाडीवस्तीवरचे लोक हातभट्टीची घेतात, ती ग्लासात, पिशवीत, कधी उधारीवर. किती विचारलं की "दोन ग्लास" म्हणतात, ग्लास केवढा ते कळत नाही आणि त्यात काय आहे तेही कळत नाही. त्यांचं कसं मोजू?

मनोविकार_ओपीडी

हातभट्टीचा जोर प्रत्येक भट्टीचा वेगळा, त्यामुळे पेगात आणायचा प्रयत्न करू नका, आकडा खोटाच येईल. दिवसाला किती रुपयांची होते ते विचारा, हे उत्तर लोक खरं देतात. आणि लेथवाल्यांच्या इंटर्नचा प्रश्न विचारा, पहिली किती वाजता. दुपारच्या आधीची वेळ सांगितली तर मोजमाप सोडा, तो एकट्याने बंद करणार नाही एवढं बघा आणि मला त्याच सकाळी फोन करा. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आणि भट्टीची पिणारा कोणी "डोळ्यांसमोर धुकं आलंय, दिसत नाही" म्हणाला, किंवा एकाच वस्तीवरचे दोघे-तिघे उलट्या आणि पोटदुखीने आले, तर प्रश्न विचारत बसू नका. मेथॅनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, धरून चाला, मॅडमना उठवा आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलला हलवा. २०१५ ला मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली.